‘स्वदेस’, बिलगाव आणि काम गेलेला माणूस

आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ हा हिंदी चित्रपट १७ डिसेंबर २००४ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा नायक मोहन भार्गव ‘नासा’मध्ये पर्जन्यमापनाच्या जागतिक उपग्रह प्रकल्पावर काम करतो. लहानपणी सांभाळणाऱ्या कावेरीअम्माला भेटायला तो भारतात येतो, चरणपूर या खेड्यात राहतो, ओढ्याच्या पाण्यावर गावासाठी वीज तयार करतो आणि शेवटी अमेरिकेतील नोकरी सोडून कायमचा परततो. कथेतील गाव उत्तर प्रदेशातले असले तरी त्याचे चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झाले. विजेच्या प्रसंगाचे नाते मात्र वारंवार जोडले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातील बिलगावशी.

मोहनची नोकरी जात नाही, तो ती सोडतो. या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. सोडणाऱ्याच्या हाती शिक्षण, शिल्लक आणि परत जाण्याची वाट असते. ज्याचे काम जाते त्याच्याकडे यांपैकी बहुधा काहीच नसते. असा माणूस ‘स्वदेस’मध्येही आहे, पण तो एकाच प्रसंगापुरता येतो. त्याचे नाव हरिदास. जमिनीचा थकलेला खंड वसूल करण्यासाठी मोहन त्याच्या गावी जातो. हरिदास जातीने आणि परंपरेने विणकर. मागावर पोट भरेना, म्हणून त्याने खंडाने शेती धरली. पिढीजात धंदा सोडला एवढ्या कारणावरून गावाने त्याला वाळीत टाकले आणि त्याच्या पिकाला पाणी मिळू दिले नाही. घरात धान्य नसताना तो पाहुण्याला जेवू घालतो. मोहन खंड न घेताच परततो आणि वाटेत एका स्थानकावर, मातीच्या भांड्यातून पाणी विकणाऱ्या मुलाकडून, पंचवीस पैशांचे पाणी विकत घेऊन पितो. तोवर त्याने बाटलीबंद पाण्याखेरीज दुसरे पाणी घेतलेले नसते. समीक्षकांनी स्थानकावरच्या त्या घोटाचे पुष्कळ कौतुक केले आणि ते योग्यच आहे. तरीही प्रसंगातील खरा विचार हरिदासच्या झोपडीत आहे. बुडत्या धंद्यातून बाहेर पडण्याचे धाडस, नवे काम शिकण्याची तयारी आणि कष्ट हे सारे त्याच्यापाशी होते. नव्हते ते फक्त पाणी आणि गावाची मान्यता.

काम गेल्यानंतर जगण्याला हेतू कसा सापडतो, या विषयावरचे बहुतेक चित्रपट उत्तर माणसाच्या मनात शोधतात. योजिरो ताकिता यांच्या ‘डिपार्चर्स’ या २००८च्या जपानी चित्रपटात वाद्यवृंद बंद पडल्याने बेकार झालेला चेलोवादक मृतांना अखेरच्या प्रवासासाठी सजवण्याचे काम पत्करतो आणि त्या कामाची प्रतिष्ठा हळूहळू ओळखतो. तिथेही बायकोला आणि मित्राला ते काम अमंगळ वाटते आणि त्यांचा विरोध मावळेपर्यंत त्याचे आयुष्य मार्गी लागत नाही. म्हणजे हेतू एकट्याला सापडला तरी तो एकट्याच्या बळावर टिकत नाही. नव्या कामाला भोवतालच्यांनी जागा करून द्यावी लागते आणि त्या कामाची साधने हाती यावी लागतात. मुंबईच्या गिरणगावात हेच घडले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार उघडले नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात आणि त्यावर आधारलेल्या ‘लालबाग परळ’ या महेश मांजरेकर यांच्या २०१०च्या चित्रपटात त्या घरांतील मुले वाट चुकतात. त्यांच्यात जिद्द कमी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या वस्तीत ती जिद्द कामी आली असती, त्या वस्तीचाच आधार तुटला होता.

बिलगावचा खरा इतिहास पडद्यावरच्या कथेपेक्षा या मुद्द्याच्या अधिक जवळ जातो. तिथल्या धबधब्यावर २००३ मध्ये १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अभियंते, अमेरिकेतून परतलेले रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री हे दांपत्य, ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ ही त्यांची संस्था आणि नर्मदा बचाव आंदोलन यांचा त्यात वाटा होता. बंधारा आणि पाण्याची वाट मात्र गावकऱ्यांच्या श्रमदानातून झाली. पडद्यावर एका अभियंत्याने गाव जागे केले. सातपुड्यात गाव आधीपासून जागे होते. भिल-पावरा समाजात घर बांधायला किंवा शेतीच्या कामाला शेजारपाजाऱ्यांनी एकत्र येण्याची ‘लाह’ ही रीत जुनी आहे. अशा समाजात श्रमाला हेतू बाहेरून पुरवावा लागत नाही. सोयीसाठी चित्रपटाने एक नायक उभा केला, पण विचार म्हणून ती त्याची उणीव राहिली.

त्या प्रकल्पाचा शेवटही कथेत नाही. २००६ मध्ये नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाची उंची वाढत असताना पुराचे पाणी चढले आणि बिलगावचे वीजघर बुडाले. याच जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावे या धरणाच्या बुडितात येतात. मणिबेलीपासून सुरू झालेल्या या बुडितात घरांबरोबर कामही गेले. नदीकाठचा मळा, जंगलातला मोहू आणि चारोळी, गुरांचे चरणे यांच्यावर वर्ष विणलेले होते. हे काम कोणत्याही हजेरीपटावर नव्हते, म्हणून त्याच्या जाण्याला बेकारी म्हटले गेले नाही. सरकारी कागदात त्याची नोंद विस्थापन अशी झाली. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळालेले तळोदा-शहादा पट्ट्यात शेती नव्याने शिकले. काठावर राहिलेल्यांपैकी काहींनी जलाशयात मासेमारी धरली आणि तिच्या सहकारी संस्था स्थापन केल्या. हरिदासने माग सोडून नांगर धरला तसेच हे धंदा बदलणे होते. इथेही प्रश्न पाण्यावर येऊन थांबतो: जलाशयावरचा हक्क काठावरच्या माणसाचा की ठेकेदाराचा?

बुडिताबाहेरही काम असेच तुटत राहते. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे जातात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत काम असते आणि हंगाम संपला की ते संपते. रोजगाराचा हक्क कायद्याने मान्य करण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. रोजगार हमीचा कायदा इथे १९७७ मध्ये झाला आणि केंद्राचा त्यानंतर २००५ मध्ये आला. या कायद्यांनी मजुरीचा प्रश्न काही अंशी हलका केला. पण कुठे कोणता बंधारा हवा हे पाड्याने ठरवावे आणि बांधल्यावर त्याचे पाणी पाड्याने वापरावे, हे फार थोड्या ठिकाणी साधले. बिलगावने ते साधले होते. विजेच्या दिव्यापेक्षाही ती गोष्ट मोठी होती.

‘स्वदेस’ने हरिदासला काही मिनिटे दिली आणि तेवढ्यात तो मोहनपेक्षा अधिक लक्षात राहतो. हरिदाससारख्या माणसाला कथेच्या मध्यभागी ठेवणारा, अक्राणी-अक्कलकुव्याच्या बुडीत पाड्यांत घडणारा आणि तिथल्याच पावरी-भिली बोलीत बोलणारा चित्रपट मराठी दिग्दर्शकांनी आता करायला हवा.