नाही म्हणण्याची मुभा

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. तेव्हापासून मराठीतही वंशभेदावर पुष्कळ लिहिलं गेलं. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या माणसांनी काळ्या सहकाऱ्यांशी झालेली बोलणी लिहिली, डोळे कसे उघडले ते सांगितलं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण या लेखनातून एक समजूत पक्की होत चालली आहे: भेदभाव हा मुळात अज्ञानाचा प्रश्न आहे, समोरच्याचं मनापासून ऐकून घेतलं की आपण त्याचे सोबती होतो. ही समजूत मला उथळ वाटते. आता ती गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर आमच्या विजयदुर्गच्या पट्ट्यातही पोचली आहे. ‘जातीवर एकदा मोकळेपणाने बोलू या’ असं तरुण मुलं म्हणू लागली आहेत. म्हणू देत, पण बोलणं सुरू झालं की लगेच एक उत्तर तयार असतं. ते इतकं गोड आहे की त्याचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ते उत्तर असं: कोकणात घाटावरची जातीयता नव्हती. इथे गावरहाटी होती. देवळात बारा-पाच मानकऱ्यांचा मान होता, तसा महारांचाही होता. त्यांच्यावाचून देवाचं पान हलत नव्हतं. गावाची शीव कुठली हे सांगायचं त्यांनी, आणि ते गाव प्रमाण मानायचा. आंग्र्यांच्या आरमारात तर सगळ्या जातींचे लोक एका गलबतावर लढले. मग वेगळं बोलायचं काय राहिलं?

हे सांगणारे खोटं बोलत नाहीत, हीच अडचण आहे. मान होता. पण तो नाकारता येत होता का, एवढंच मी विचारतो. म्हाताऱ्या मानकऱ्याने ‘यंदा माझ्याच्याने होणार नाही’ म्हटलं तर त्याचा भाऊ उभा राहायचा आणि गाव चालायचं. महाराने तेच म्हटलं तर? मेलेलं ढोर ओढायला, मयताचा सांगावा घेऊन दहा कोस चालायला, सरकारी माणसापुढे धावायला तो वतनाने बांधलेला होता. १८७४ च्या वतन कायद्याने त्या बांधिलकीला इंग्रज सरकारचा शिक्काही मिळाला होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याच कारणाने, आणि ही कनिष्ठ वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. घराण्याचा मान होता तर तो सोडायला कायदा का लागला?

त्याहून मोठा पुरावा १९५६ नंतरचा आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेल्या लोकांनी ही कामं आणि हे मान एकदमच खाली ठेवले. मान खराच असता तर गाव हळहळलं असतं, समजूत घालायला गेलं असतं. प्रत्यक्षात कितीतरी गावांनी बहिष्कार घातला, मजुरी तोडली, वाटा अडवल्या. ज्या मानाला नकार दिला की पाणी तुटतं, तो मान देणाऱ्याचा असतो, घेणाऱ्याचा कधीच नसतो. गावरहाटीचं कौतुक करणाऱ्या एकाही लेखात मला या बहिष्कारांबद्दल ओळ सापडलेली नाही. आरमाराचंही तेच. एका गलबतावर लढलेली माणसं किनाऱ्यावर उतरल्यावर कुठल्या वाडीत आणि कुठल्या पाणवठ्यावर जात होती, ते कुणी सांगत नाही.

जातीचं नाव न काढल्याने जात जाईल म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ताप मोजला नाही म्हणून उतरत नाही. सहभोजनांचंही मला फार अप्रूप नाही, कारण पंगतीला कोणाला बोलवायचं ते यजमानच ठरवतो.

आता संवादाकडे वळतो. आपण ऐकलं नाही म्हणून आपल्याला कळलं नाही, हे आपल्या बाबतीत तरी खरं नाही. लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ च्या सुमारास ‘विटाळ विध्वंसक’मधून अस्पृश्यतेला आधार तरी कशाचा, हा वाद जाहीरपणे मांडला. त्याआधी १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केली होती, म्हणजे वंशभेद आणि जात यांची सांगडही आपल्याला नवी नाही. बोलणाऱ्यांनी बोलून सव्वाशे-दीडशे वर्षं झाली. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना बोलावलं, भाषणातला मजकूर आधी पाहिला, तो बदलायला सांगितलं, आणि त्यांनी नकार दिल्यावर अधिवेशनच रद्द केलं. ते सुधारक होते, हितचिंतक होते, ऐकायलाही उत्सुक होते. फक्त आपल्याला सोसेल तेवढंच ऐकायचं होतं.

म्हणून मला फरक करायचा आहे तो ऐकणारा आणि न ऐकणारा यांच्यात नाही. समोरच्याच्या ‘नाही’ची किंमत कोण भरतो, यावर सगळं ठरतं. महाडच्या १९२७ च्या लढ्यात सवर्णांपैकी सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे होते; मनुस्मृतिदहनाचा ठराव गंगाधर सहस्रबुद्धे यांनी मांडला. आम्हाला तुमचं दुःख समजावून सांगा, असं म्हणत ते आले नव्हते. ब्राह्मणांना वगळलंत तर आम्ही येतो, अशी अट ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी घातली आणि बाबासाहेबांनी ती मानली नाही, हेही इथे आठवावं: सोबत कोणाची घ्यायची ते लढणाऱ्याने ठरवलं.

आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण आप्पासाहेब पटवर्धनांचं. विजयदुर्गहून तळेऱ्याला हमरस्ता धरून दक्षिणेला गेलं की कणकवलीजवळ त्यांची गोपुरी लागते, १९४८ ची. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं, ते नाकारलं गेलं म्हणून उपवास धरला, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. हे थोडंफार सांगितलं जातं. पण मेलेली जनावरं सोलण्याचं आणि मैल्याचं काम त्यांनी स्वतःच्या हाताने केलं, संडासांच्या सोप्या रचना शोधल्या, त्याचा अर्थ आपण नीट लावलेला नाही. त्यांना संत करून मोकळे झालो. गांधीवाद्यांनी या कामाचा जो गौरव केला तो मला पटत नाही. गौरवाने माणूस कामाला आणखी घट्ट बांधला जातो. आप्पांच्या कामाचं मोल दुसरीकडे आहे. ब्राह्मण ते काम करू लागला की ‘तुम्ही सोडलंत तर करणार कोण’ हा गावाचा प्रश्नच लटका पडतो. नाही म्हणणाऱ्याच्या डोक्यावरचा भार त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला.

परदेशातल्या आपल्या माणसांची कसोटीही इथेच लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते रोखलं. त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत भारतीय हिंदूंच्या संघटना पुढे होत्या. वंशभेदाविरुद्धचे कायदे नोकरीत आणि भाड्याच्या घरात आपल्याला राखतात, ते हवेत. हाताखालच्या दलित इंजिनियरला साहेबापुढे ‘हे चालणार नाही’ म्हणण्याचं बळ देणारा कायदा मात्र बदनामी करणारा ठरतो.

गावाकडे येणाऱ्या तरुणांना म्हणून माझं सांगणं साधं आहे. आमच्या भागात कितीतरी बौद्धवाड्यांचा रस्ता कुणाच्या तरी आंब्याच्या कलमांतून जातो. तो डांबरी व्हायचा तर जमीनमालकांची संमती लागते, आणि सातबाऱ्यावरची निम्मी नावं मुंबईत, पुण्यात, न्यू जर्सीत असतात. आजोबांनी ‘जा बापडे’ म्हटलं होतं म्हणून लोक चालतात. नातवाशी बिनसलं की गडगा उभा राहतो. वाडीत जाऊन अनुभव विचारण्याआधी भावकीच्या सह्या गोळा करा. वाडीतली माणसं मग तुमच्याशी बोलतील, कदाचित बोलणारही नाहीत. तोंडी परवानगी मात्र देऊ नका. बक्षीसपत्र नोंदवून द्या, म्हणजे उद्या त्यांनी तुमच्या देवळातला मान नाकारला, तुमच्या पॅनेलला मत दिलं नाही, तरी तो रस्ता कुणाला बंद करता येणार नाही.