‘मला ठाऊक आहे’ म्हणण्याचं वय

१९३३च्या जूनअखेर इंग्लंडमधल्या प्रेस्टन या गिरणगावात तेवीस वर्षांचा एक अमेरिकन तरुण येऊन दाखल झाला. नाव गॉर्डन हिंकली. सॉल्ट लेक सिटीचा, नुकताच विद्यापीठातून बाहेर पडलेला, मॉर्मन पंथाचा प्रचारक. जगभर मंदी होती आणि इंग्लंडमधला खर्च परवडणारा नव्हता. त्याची आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. पण वाणसामान आणताना परत मिळणारे सुटे पैसे साठवून तिने एक लहानसं खातं मागे ठेवलं होतं. त्याचा आधार झाला. प्रेस्टनला आल्यावर मात्र गवताच्या परागांनी नाक-डोळे वाहू लागले आणि त्याचं ऐकून घ्यायला कुणी तयार होईना. अखेर त्याने वडिलांना लिहिलं की, मी माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया घालवतो आहे. वडिलांचं उत्तर आलं ते अगदी त्रोटक: पत्र पोचलं, सुचवायचं एकच, स्वतःला विसर आणि कामाला लाग.

त्याच गावात शंभरएक वर्षांपूर्वी, १८३७च्या जुलैमध्ये, या पंथाच्या प्रचारकांनी रिबल नदीत पहिल्या नऊ जणांना बाप्तिस्मा दिला होता. पहिला मान आपल्याला मिळावा म्हणून त्यांच्यात नदीपर्यंत शर्यत लागली आणि जॉर्ज वॉट नावाचा तरुण पुढे निघाला. हिंकलीच्या वाट्याला आली ती बंद दारं. तरीही आयुष्यात पुढे जे चांगलं घडलं त्याचं मूळ वडिलांचं पत्र आलं त्या दिवसात आहे, असं तो नेहमी सांगत असे. १९९५ ते २००८ तो मॉर्मन चर्चचा अध्यक्ष होता.

या गोष्टीत मला एक नवल वाटतं. वडिलांनी मुलाच्या शंकेला युक्तिवादाने उत्तर दिलंच नाही. त्यांनी त्याला कामाला लावलं. मॉर्मन मिशनची सगळी घडण या एका गोष्टीत आली आहे.

आज असे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक जगभर आहेत. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. २०१२ मध्ये वयाची अट खाली आणल्यापासून मुलींची संख्या झपाट्याने वाढली. देश कुठला, हे आपण निवडायचं नाही. पगार नाही, उलट खर्चाचा भार स्वतः आणि घरच्यांनी उचलायचा. नवी भाषा शिकायची असेल तर काही आठवडे प्रशिक्षण केंद्रात घोकंपट्टी होते आणि मग थेट परक्या शहरात रवानगी. पहाटे साडेसहाच्या सुमाराला उठणं, व्यायाम, प्रार्थना, ग्रंथाचा अभ्यास, दिवसभर रस्ते आणि दारं, रात्री साडेदहाला दिवा बंद. छातीवर काळी नामपट्टी. तिच्यावर आडनाव आणि चर्चचं नाव. आणि नेमून दिलेला साथीदार. त्याच्या नजरेआड जायचं नाही. तो घोरो, चिडो, भात करपवो, दर सकाळी त्याच्याच शेजारी गुडघे टेकायचे. श्रद्धेची पहिली परीक्षा परक्या दारात होते असं आपल्याला वाटतं. माझ्या मते ती त्या दोन खाटांच्या खोलीतच सुरू होते. २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून मोजक्या प्रसंगीच असे. आता आठवड्यातून एकदा बोलता येतं. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

दारात उभं राहून हा मुलगा काय सांगतो? मॉर्मनचा ग्रंथ, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचा, तो खरा आहे का हे देवालाच विचारा, उत्तर मिळेल. आणि लगेच म्हणतो, मला ठाऊक आहे की हे खरं आहे. एकोणिसाव्या वर्षी! अनेकांना ते तितकं ठाऊक नसतं. पंथातले ज्येष्ठ बॉइड पॅकर यांनी १९८२ मध्ये मिशनप्रमुखांपुढे बोलताना सांगितलं होतं की, साक्ष, म्हणजे हे खरं असल्याची आतली खात्री, ती देता देताच सापडते. यावर आक्षेप उघड आहे: एखादं वाक्य रोज दहादा म्हटलं की ते खरं वाटणारच, ही तर स्वतःला घातलेली भूल. आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण नुसत्या उच्चाराने श्रद्धा येत असती, तर क्लेटन ख्रिस्टेन्सन यांना ऑक्सफर्डमध्ये रात्री जागवाव्या लागल्या नसत्या. पुढे हार्वर्डमध्ये नावाजलेले हे प्राध्यापक १९७१ ते १९७३ कोरियात प्रचारक होते. दोन वर्षं साक्ष देऊन झाल्यावरही, ऑक्सफर्डला गेल्यावर, ते रोज रात्री तासभर तोच ग्रंथ उघडून हे खरं आहे का, असं विचारत बसत. आधी नेम, खात्री मागाहून. नेमाचं हे बळ आपल्याला नवं नाही.

मला वाटतं, या मुलांना बदलतं ते घरात घेणाऱ्या माणसांचं दुःख. उत्तरं पाठ करून आलेला मुलगा एखाद्या स्वयंपाकघरात बसतो. समोरची बाई नवऱ्याच्या आजारपणाचं सांगत असते. मोडक्यातोडक्या भाषेत त्याला ऐकूनच घ्यावं लागतं. तयार धडा तिथे पुरत नाही. मग तो रात्री जी प्रार्थना करतो, ती कदाचित पहिल्यांदा त्याची स्वतःची असते.

जिथे माणसाची जागा आकडा घेतो तिथे हे सगळं कुजतं. १९६०च्या आसपास ब्रिटनमध्ये पोरांना बेसबॉल खेळायला बोलवायचं आणि संघात घेता घेता बाप्तिस्माही द्यायचा, असा प्रकार चालला. नोंदवहीत नावं वाढली. बहुतेक पोरं चर्चकडे फिरकलीही नाहीत. श्रद्धा वाढवायला निघालेल्यांनी दुसऱ्याच्या श्रद्धेचा केलेला हा अपमानच होता. आणि मुदतीआधी घरी परतणाऱ्या मुलाला गावात जी नजर झेलावी लागते, तीही याच हिशेबी वृत्तीतून येते.

आपल्याकडेही हे लोक येऊन गेले आहेत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला, नंतर पुण्याला आला. लष्कराने छावणीत प्रचाराला मज्जाव केला. त्याने इथली भाषा शिकायला घेतली, मराठ्यांना उद्देशून मुंबईत एक पुस्तिका छापली, आणि पुण्यात जेमतेम डझनभर माणसं जमवली. काही वर्षांत तो युटाला निघून गेला. त्याची हकिकत चर्चच्या इतिहासात नोंदलेली आहे. मला ओढ आहे ती दुसऱ्या बाजूची. फिंडलेला मराठी अक्षरं कुणी गिरवायला लावली, कुणी ओसरीवर बसवून पाणी दिलं, कुणी त्याच्याशी वाद घातला आणि काय मुद्दे मांडले? प्रेस्टन असो, कोरिया असो की पुणे, या मुलांची श्रद्धा अशाच माणसांच्या घरात वाढली; त्यांच्या बाजूने लिहिलेला मिशनचा इतिहास मला अजून वाचायचा आहे.