ग्रंथाला हार नको, वाचक हवा



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा काळ वर्षावासाचा. भगवान बुद्धांच्या काळी या दिवसांत भिक्खुसंघ एका ठिकाणी मुक्काम करी आणि धम्माचे श्रवण-चिंतन चाले. आज कोकणातील अनेक वाड्यांत, लावणीची कामे उरकली की संध्याकाळी विहारात मंडळी जमतात आणि बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ही चाल फार चांगली आहे. ती टिकली पाहिजे.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ घरांत हा ग्रंथ वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. पौर्णिमेला तो बाहेर निघतो, त्याला हार पडतो, पुढे अगरबत्ती लागते, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कापडात जातो. देव्हाऱ्यातील मूर्ती गेली आणि तिच्या जागी ग्रंथ आला, एवढाच जर फरक पडला असेल, तर दीक्षा घेऊन आपण बदलले काय? नवदीक्षित कुटुंबांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा, म्हणून हे लिहीत आहे.

हेदवीच्या मंडळींना बामणघळ नवी नाही. उमामहेश्वराच्या देवळाजवळ समुद्रकाठच्या काळ्या कातळाला एक लांब अरुंद भेग पडली आहे. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत शिरते, पुढे वाट नसते, मागून पाण्याचा रेटा येतो, आणि पाणी गर्जना करीत उंच उडते. ज्याला कारण ठाऊक नाही तो हात जोडील किंवा भिऊन मागे सरेल. ज्याला कारण ठाऊक आहे तोही थक्क होईल, पण त्याच्या मनात भय राहणार नाही. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही भगवान बुद्धांची शिकवण आहे. दगडाला आणि पाण्याला जो नियम लागू, तोच माणसांच्या समाजालाही लागू. आपण गावाबाहेर का राहिलो? पाणवठा आपल्याला बंद का झाला? यांनाही कारणे आहेत. ती कारणे आकाशात नाहीत आणि मागच्या जन्मातही नाहीत. ती इतिहासात आहेत, आणि तो इतिहास ग्रंथांत शोधावा लागतो.

न वाचणाऱ्याचा इतिहास दुसरेच लोक सांगतात. आपल्या लेण्यांचे काय झाले ते पाहा. सह्याद्रीच्या कड्यांत भिक्खूंसाठी विहार आणि चैत्य कोरले गेले, त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख कोरले गेले. पुढे ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही. मग लोक म्हणू लागले, ही पांडवांनी एका रात्रीत कोरली. अक्षरे समोर होती, पण मुकी झाली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा भिंती पुन्हा बोलू लागल्या.

आणि त्या काय बोलल्या? कार्ल्याच्या लेण्यात सुताराचे नाव निघाले, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव निघाले. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख सापडला. आपल्याच कोकणपट्टीत, रायगड जिल्ह्यातील कुडे येथे, फुलमाळ्याचे दान सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी हाताने काम करणारी माणसे धम्माला दान देत होती आणि त्यांची नावे राजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या नावांशेजारी कोरली जात होती. पुढच्या काळात बांबूची सुपे-टोपल्या विणणाऱ्याला समाजाने कोणत्या पायरीवर बसवले, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे आजची उतरंड अनादी नाही. ती मध्येच कोणीतरी रचली. जे रचले गेले ते मोडताही येते. एवढे धैर्य एका वाचलेल्या ओळीतून मिळते.

हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. धोपाव्याहून तरीने दाभोळला उतरले की दापोली तालुका लागतो. तेथे पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत. आरंभी ती बौद्धांची होती, नंतर तेथे नाथपंथीयांनीही वस्ती केली. एकाच डोंगरात एकामागून एक आलेल्या विचारांच्या खुणा आहेत. मुलांना घेऊन जा, पण आधी वाचून जा. न वाचता गेलात तर नुसता दगड पाहून परत याल.

एक पुस्तक माणसाला कुठवर नेऊ शकते, याची दोन उदाहरणे आपल्याच मुलखातली आहेत. गोव्यातील साखवाळ गावच्या धर्मानंद कोसंबींचे शालेय शिक्षण अगदी थोडे. 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धांचे चरित्र वाचले आणि त्या माणसाने घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ करीत ते सिलोनला पोहोचले, पाली शिकले आणि मराठीत बुद्धांचे विचार घेऊन आले. दुसरे उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. त्यानंतर ४९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला काय घडले ते जगाला ठाऊक आहे. मधल्या ४९ वर्षांत बाबासाहेबांनी त्या पुस्तकाला हार घातला नाही. ते वाचीत राहिले, तपाशीत राहिले.

त्यांचे वाचन आपल्या बाजूच्या पुस्तकांपुरते नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते तिच्यात काय लिहिले आहे हे नीट जाणून झाले. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांचे भाषण होऊ दिले नाही. त्यांनी ते स्वतः छापले. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा गांधीजींनी त्यावर केलेली टीकाही त्याच पुस्तकात छापली आणि तिला आपले उत्तर जोडले. विरोधकाचे म्हणणे लपवायचे नाही, ते वाचायचे आणि उत्तर द्यायचे. ज्याचा आपल्या विचारावर भरवसा असतो, तोच असे करू शकतो.

कोणी म्हणेल, पुस्तकांनी पोट भरते काय? गुहागर, दापोली, खेडच्या वडीलधाऱ्यांना खोती आठवत असेल किंवा त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकली असेल. खोताला धान्य द्यायचे, वेठ करायची, हे नशीब म्हणून लोक सोशीत होते. नशिबाला कायद्याने उत्तर देता येते हे ज्याने वाचले होते, त्याने १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. पण विचार मेला नाही, आणि १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. राजकीय विचार म्हणजे निवडणुकीची भाषणे नव्हेत. कोणाचा हक्क कोणी कसा घेतला आणि तो परत कसा मिळवायचा, याचे ते ज्ञान आहे.

मग ग्रंथात लिहिले म्हणून सगळे खरे मानायचे काय? मुळीच नाही. भगवान बुद्धांनी कालामांना हेच बजावले आहे की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनीही आपल्या या ग्रंथाच्या आरंभी प्रश्नच मांडले आहेत. सिद्धार्थाने केवळ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले, हे पटते काय, असा त्यांचा पहिलाच प्रश्न आहे. ज्या ग्रंथाची सुरुवात प्रश्नाने होते, त्याची नुसती पूजा करणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे होय.

तेव्हा या वर्षावासात एवढे करा. रोज संध्याकाळी दिवा लागला की घरातील शिकत्या मुलीने किंवा मुलाने दोन पाने मोठ्याने वाचावीत. आजीला अक्षरओळख नसेल, पण प्रश्न विचारायला अक्षरओळख लागत नाही. तिचा प्रश्न आधी घ्या. उत्तर न सापडल्यास वहीत लिहून ठेवा आणि विहारात विचारा. मुंबईहून गणपती-शिमग्याच्या सुटीत येणाऱ्या चाकरमान्यांनी खाऊबरोबर एक पुस्तक आणावे. फुले वाचा, कोसंबी वाचा, आपल्याला न पटणारेही वाचा. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन खंडांच्या रूपाने काढले आहे. वाडीने वर्गणी काढून एकेक खंड विहारात आणावा.

उद्या तुमच्या मुलाला शाळेत कोणी विचारील, "तुम्ही बौद्ध झालात म्हणजे काय झालात?" त्या वेळी घरातील हार घातलेला ग्रंथ उत्तर द्यायला जाणार नाही. मुलालाच बोलावे लागेल. मान खाली न घालता तो बोलावा, एवढी शिदोरी त्याला घरातून मिळाली पाहिजे.

दीक्षा एका दिवसात घेता येते. प्रज्ञा मात्र पानापानाने येते. ग्रंथ उघडा.

नमो बुद्धाय. जय भीम.