सण श्रद्धेचा असावा, ऋणाचा नसावा

॥ श्री ॥



श्रींच्या दर्शनास येणारा प्रत्येक भाविक आपल्याबरोबर काही ना काही विवंचना घेऊन येतो. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाला मुलीच्या विवाहाची चिंता असते, तर कोणाच्या डोक्यावर कर्जाचा भार असतो. हे कर्ज पुष्कळदा शेतीसाठी, घरासाठी वा औषधपाण्यासाठी काढलेले नसते. ते मागच्या सणाचे असते. श्रावणापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे उत्सवांची मालिकाच चालू राहते. गणपतीची आरास, दसऱ्याचे सोने, दिवाळीचे कपडे, भाऊबीजेची ओवाळणी, नंतर तीर्थयात्रा वा सहल, असा खर्च वाढत जातो. दिवे विझतात, फराळाचे डबे रिकामे होतात आणि मार्गशीर्ष-पौषात हप्त्यांचे तगादे सुरू होतात. म्हणूनच या पुस्तिकेत आज या व्यावहारिक वाटणाऱ्या, पण मूलतः धर्माच्या असलेल्या विषयाचा विचार करू.

शास्त्राने ठेवलेली सोय

'ऋण काढून सण' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. आपल्या पूर्वजांनी हा मोह ओळखला होता आणि धर्मशास्त्राने त्यावर उपायही सांगून ठेवला होता. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत स्वतः सांगतात, की भक्तीने अर्पण केलेले पान, फूल, फळ वा नुसते पाणीही आपण आनंदाने स्वीकारतो. या यादीत विकत आणावी लागेल अशी एकही वस्तू नाही, याकडे आपले लक्ष जात नाही.

विष्णुपुराण तर याहून पुढे जाते. श्राद्धासारखे आवश्यक कर्म करण्याचीही ज्याची ऐपत नाही, त्याने थोडे तीळ व पाणी द्यावे. तेही नसेल तर गाईला मूठभर गवत घालावे. आणि तेही जमत नसेल तर वनात जाऊन दोन्ही बाहू वर करून, 'माझ्यापाशी धन नाही, माझ्या भक्तीनेच पितर तृप्त होवोत' अशा आशयाची प्रार्थना करावी, असे तेथे सांगितले आहे. पितरांसाठीसुद्धा कर्ज काढ, असे पुराणकारांनी म्हटले नाही. मग रोषणाईसाठी व नव्या मोबाईलसाठी ते कोण सांगेल?

दसऱ्याला आपण आपट्याची पाने 'सोने' म्हणून वाटतो, त्यामागील कथा अशीच बोधप्रद आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स याला चौदा कोटी सुवर्णमुद्रा गुरुदक्षिणा द्यावयाची होती. तो रघुराजाकडे आला, तेव्हा राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केले होते. तरीही याचकाला विन्मुख पाठवायचे नाही म्हणून राजाने कुबेरावर स्वारीची सिद्धता केली आणि कुबेराने सुवर्णाचा वर्षाव केला. कालिदासाने 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात हा प्रसंग वर्णिला आहे. राजा सर्व सोने देऊ पाहतो आणि कौत्स गुरूच्या देण्याहून अधिक घेण्यास तयार नाही, हा त्यातील सर्वांत सुंदर भाग. हा वर्षाव आपट्याच्या झाडावर झाला, असे लोकपरंपरा मानते. म्हणजे दसऱ्याचे सोने हे देणे फेडण्याच्या निष्ठेचे स्मरण आहे. त्याच दिवशी हप्त्यावर दागिना घेऊन नवे देणे करून ठेवणे या कथेशी सुसंगत म्हणता येईल का?

देवालाही चुकले नाही

कोणी म्हणेल, प्रत्यक्ष देवानेही कर्ज काढलेच होते. तिरुमलाच्या श्रीवेंकटेशाने पद्मावतीशी विवाह करताना कुबेराकडून द्रव्य घेतले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ही कथा शेवटपर्यंत ऐकावी. त्या कर्जाचे व्याज कलियुगाच्या अखेरीपर्यंत फिटावयाचे नाही आणि भक्तांनी हुंडीत अर्पण केलेल्या द्रव्यातून ते फेडले जात आहे, असे श्रद्धाळू मानतात. एका मंगलकार्यासाठी घेतलेले ऋण साक्षात लक्ष्मीपतीलाही युगभर पुरले! देवासाठी हुंडी भरणारे कोट्यवधी भक्त आहेत. तुमच्या-आमच्या घराचे व्याज मात्र आपल्यालाच, आणि पुष्कळदा आपल्या मुलांना, भरावे लागते.

व्याजाचे गणित

आचार्य कौटिल्याने अर्थशास्त्रात व्याजाचे दर सांगितले आहेत. शंभर पणांना दरमहा सव्वा पण हा त्याच्या मते धर्म्य, म्हणजे न्याय्य, दर होय. व्यापारासाठी दरमहा पाच, घोर अरण्यातून माल नेणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस पण असे चढे दर त्याने दिले आहेत. अरण्यात लुटारू व श्वापदे असत आणि जहाज बुडाले तर मुद्दलही बुडत असे, म्हणून ते दर चढे होते.

आता आपला व्यवहार पाहू. समजा, दिवाळीसाठी २०,००० रुपये घेतले. खासगी सावकाराकडून 'शेकडा दहा'ने घेतले, तर महिन्याला २,००० रुपये केवळ व्याज होते. दहा महिन्यांत मुद्दलाएवढी रक्कम देऊनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. घरात बसून फराळ करणारा गृहस्थ अरण्य ओलांडणाऱ्या व्यापाऱ्याच्या दराने व्याज भरत असतो!

क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली, तर अनेक कार्डांवर दरमहा शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज लागते. २०,००० रुपयांवर हे व्याज ७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६ रुपये होतात. 'किमान देय रक्कम' म्हणून पाच टक्के, म्हणजे १,००० रुपये भरले, तर मुद्दलातून फिटतात अवघे १७४ रुपये. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. याउलट, वर्षाला बारा टक्के दराने बँकेचे सोनेतारण कर्ज वा पतसंस्थेचे कर्ज मिळाले, तर त्याच रकमेचे महिन्याचे व्याज २०० रुपये होते. रक्कम तीच, सण तोच. मात्र महिन्याचे व्याज कुठे २०० रुपये आणि कुठे २,०००!

'शून्य टक्के व्याज' या जाहिरातीलाही भुलू नये. असे व्याजमुक्त हप्ते वस्तुतः नसतात, व्याज शुल्कात वा किमतीत दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते.

ऋण झालेच असेल तर

झालेल्या गोष्टीची लाज बाळगून लपवाछपवी करू नये. लपविलेले ऋण अंधारातील बुरशीप्रमाणे वाढते. प्रथम पती-पत्नींनी एकत्र बसून सर्व देणी एका कागदावर लिहावीत: कोणाचे, किती, दरमहा व्याज किती. लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी वहीची पूजा करतात. हिशेब स्वच्छ ठेवणे हीच लक्ष्मीची सेवा, हा त्यातील अर्थ प्रत्येक गृहस्थाने घ्यावा.

सर्व देण्यांचा ठरलेला हप्ता भरून उरलेला प्रत्येक रुपया सर्वाधिक व्याजाच्या देण्याकडे वळवावा. शक्य असल्यास बँक, पतसंस्था वा बचत गटाकडून कमी दराचे कर्ज घेऊन सावकाराचे वा कार्डाचे देणे एकदम मिटवावे आणि ते कार्ड बाजूला ठेवावे. हप्ता झेपत नसेल, तर तो चुकण्यापूर्वीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. घरात पडून असलेले सोने मोडून कर्ज फिटत असेल, तर त्यात कमीपणा नाही.

महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही शासनाने ठरविलेल्या दरापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. त्रास होत असल्यास तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडे लेखी तक्रार करावी. मोबाईल ॲपवरून कर्ज घेण्यापूर्वी त्यामागे रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेली संस्था आहे की नाही, हे अवश्य पाहावे. कर्जाच्या ॲपने आपल्या फोनमधील संपर्कांची यादी घेऊ नये, असा नियम २०२२ साली झाला आहे. बँकेच्या वसुली प्रतिनिधींनाही सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास मनाई आहे. ॲपवरून फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. कोणतेही देणे प्राणाहून मोठे नाही. आपल्या माणसांना विश्वासात घेतल्यास मार्ग निघतो, हे ध्यानात ठेवावे.

पुढील सणाची तयारी

बलिप्रतिपदेला व्यापारी नवी वही उघडतात. त्याच दिवशी आपण बँकेत वा टपाल कचेरीत आवर्ती ठेव उघडावी. महिन्याला १,००० रुपये टाकले, तरी पुढच्या दिवाळीला १२,००० रुपये व वर व्याज हाती येते. जे व्याज आपण देत होतो, तेच आपल्याला मिळू लागते. सणापूर्वी खर्चाची मर्यादा ठरवावी व ती मुलांनाही सांगावी. घरच्या परिस्थितीची प्रेमाने जाणीव दिलेली मुले हट्ट कमी करतात. 'लोक काय म्हणतील' या भयाने होणारा खर्च देवासाठी नसतो, शेजाऱ्यासाठी असतो. सुदाम्याचे पोहे पाहून द्वारकेत कोणी हसलेही असेल. श्रीकृष्णाने मात्र ते आवडीने खाल्ले.

व्याजाने देणाऱ्यांस व देणगीदारांस

येथे येणाऱ्यांत घेणारे असतात, तसे देणारेही असतात. संत तुकाराम महाराजांच्या घरी महाजनकी व सावकारी होती. इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतांची धाकट्या भावाशी, कान्होबाशी, वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. एवढा त्याग सर्वांना साधणार नाही. परंतु व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा 'दामदुप्पट' नियम आपल्या धर्मशास्त्राचाच आहे. अडलेल्याकडून त्याहून अधिक घेऊन त्यातला वाटा देवाला वाहण्यापेक्षा, त्या अडलेल्याचे व्याज सोडणे हे थोर दान होय.

देणगीदार भाविकांनाही नम्र विनंती आहे, की कर्ज काढून वा उसने घेऊन कोणीही देणगी देऊ नये, नवस फेडू नये. गीतेच्या सतराव्या अध्यायात क्लेशपूर्वक दिलेले दान राजस म्हटले आहे. घरी देणे थकले असेल, तर आधी ते फेडावे. श्रींना तुळशीचे एक पान वाहावे. देव थांबतो, व्याज थांबत नाही. ऋण फिटल्यावर समाधानाने केलेल्या एका नमस्काराची पूजा कोणत्याही महापूजेहून उणी नाही.

श्रींच्या कृपेने प्रत्येक भाविकाचे घर ऋणमुक्त होवो, प्रत्येक सण निश्चिंत मनाने साजरा होवो आणि पुढील वेळी आपण दर्शनास याल तेव्हा आपल्या मुखी मागणे नसून केवळ नाम असो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥