सहवैमानिक बोलला होता

7 ऑगस्ट 2020च्या संध्याकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले. विमानात 190 जण होते, 21 दगावले. भर पाऊस, पाठीमागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा वायपर धड चालत नव्हता. शेवटचे काही क्षण चौकशी अहवालात नोंदलेले आहेत. धावपट्टी खालून सरकत चालली आहे आणि चाके अजून टेकलेली नाहीत. सहवैमानिक आधी म्हणतो, "जस्ट चेक इट." मग नुसतेच, "कॅप्टन". आणि मग, "गो अराउंड", म्हणजे न उतरता पुन्हा वर चला. विमान टेकले तेव्हा निम्मी धावपट्टी मागे पडली होती.

नियमातला शब्द तिसऱ्या खेपेला आला. आधीचे दोन वरिष्ठाचा मान सांभाळणारे होते, कुठल्याही कचेरीत "सर, एकदा नजर टाकता का?" म्हणतात त्याच जातीचे. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातले माजी चाचणी-वैमानिक, दहा हजार तासांहून अधिक अनुभवाचे. सहवैमानिकाचे उड्डाणाचे तास जेमतेम दोन हजार. अहवालाने सहवैमानिकात ठामपणा नव्हता आणि कॉकपिटमध्ये अधिकाराची उतरंड फार तीव्र होती यावर बोट ठेवले. त्याने विमान स्वतःच्या ताब्यात घ्यायला हवे होते, असेही म्हटले. नियमाने ते बरोबरच आहे. तरी मला तो ताशेरा अर्धाच वाटतो, कारण त्याच्या दहा वर्षे आधी, 22 मे 2010 रोजी, याच कंपनीचे आणि दुबईहूनच आलेले विमान मंगळूरला दरीत गेले आणि 158 माणसे मेली, तेव्हा सहवैमानिक एकदा नव्हे, तीनदा "गो अराउंड" म्हणाला होता. धोक्याची सूचना देणारे यंत्रही ओरडत होते. ठामपणा कमी पडला असे तिथे कसे म्हणणार? कमी पडले ते ऐकणे.

कॉकपिटमध्ये असे बोलणे-ऐकणे जमावे म्हणून संघाने काम करण्याचे जे प्रशिक्षण देतात, त्याला विमानक्षेत्रात सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणतात. त्याचा उगमही अशाच एका अपघातात आहे. डिसेंबर 1978मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचे एक डीसी-8 विमान चाकांची तक्रार तपासत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून पडले. दहा जण गेले. इंधन उतरत चालल्याचे कॅप्टनच्या सहकाऱ्यांना दिसत होते. ते बोललेही, पण दबकत. पुढच्याच वर्षी नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि 1981मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी असे शिक्षण सुरू केले.

त्याचे फळ म्हणून नेहमी अमेरिकेतल्या सू सिटीचा 1989चा अपघात सांगतात. युनायटेडच्याच डीसी-10चे मधले इंजिन फुटले, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. म्हणजे सुकाणू होते, पण त्याचा उपयोग नव्हता. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या डेनी फिच या प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेतले आणि उरलेल्या दोन इंजिनांची थ्रॉटल त्याच्या हाती दिली. 112 जण गेले, 184 वाचले. हेन्स पुढे सांगत की, कॉकपिटमध्ये मिळून 103 वर्षांचा अनुभव होता, पण असे विमान उतरवण्याचा सराव कुणाचाच नव्हता. मग आपलेच बरोबर असे कशावरून, असे ते विचारत. ही गोष्ट कनिष्ठांच्या धीटपणाची म्हणून खपवली जाते याचे मला नवल वाटते. तिथे कुणाला धीट व्हावेच लागले नाही, कॅप्टनने आपणहून विचारले.

आपल्याकडे मोठ्यांपुढे तोंड उघडायची रीत नाही, असे यावर कुणी म्हणेल. पण मंगळूरचा कॅप्टन सर्बियाचा होता. 1977मध्ये तेनेरिफेच्या विमानतळावर धुक्यात दोन विमाने आदळून 583 जणांचा बळी गेला तेव्हा, समोरचे विमान धावपट्टीवरून हटले का, ही फ्लाइट इंजिनिअरची शंका उडवून लावणारा कॅप्टन नेदरलँड्सचा होता, आणि डच माणसे तोंडावर बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत. शिवाय तो कंपनीच्या वैमानिकांना शिकवणारा होता. संस्कृतीवर ढकलले की वरिष्ठ मोकळे सुटतात.

वर्ग भरवून, स्लाइड दाखवून, प्रमाणपत्र वाटून ऐकणे येत नाही. शस्त्रक्रियागृहातही हेच दिसते. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी-यादी आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचे एक, वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8वर आले. हे 2009चे निष्कर्ष. पुढे कॅनडात ओंटारिओ प्रांताने याद्या सक्तीच्या केल्या, तर 2014च्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. खूण करायला हात लागतो, कान लागत नाहीत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सिम्युलेटरच्या परीक्षेत सहवैमानिकाला मुद्दाम गुळमुळीत बोलायला सांगावे, "सर, जरा..." एवढेच, आणि कॅप्टनला त्यातला धोका कळतो का हे पाहावे. न कळल्यास नापास तो, सहवैमानिक नव्हे. शिकाऊ डॉक्टर पुटपुटतो तेव्हा सर्जनचा हात थांबतो का, हेही असेच तपासता येईल.

डोंबिवली, तारापूर, महाडच्या रसायन कारखान्यांत हे आणखी कठीण आहे, कारण तिथे व्हॉल्व्हजवळ उभा असलेला माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो. त्याच्या नाकाला वास आधी येतो. पण साहेबांपर्यंत पोचण्याआधी सुपरवायझर, त्याआधी मुकादम. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये "काही वाटले तर बिनधास्त सांगा" असे त्याला सांगितले जाते, आणि शंका काढून काम थांबवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ठेकेदार गेटवरूनच परत पाठवू शकतो. ज्या कंपनीला हे प्रशिक्षण खरोखर हवे आहे, तिने आधी ठेक्याच्या करारात एक कलम घालावे: धोका वाटून काम थांबवणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज आणि दुसऱ्या दिवशीचा गेटपास, दोन्ही कायम राहतील, मग त्याची शंका खोटी का ठरेना.