दिवा कोणासाठी?

दिवा लावणारा माणूस आणि त्या दिव्याच्या उजेडात बसणारा माणूस बहुधा एकच असतो. त्यामुळे दिवा निवडताना आपल्याला फारसा विचार करावा लागत नाही. वाचायला पुरेल एवढा उजेड, डोळ्यांना त्रास न देणारा रंग आणि खिशाला परवडणारी किंमत, एवढ्यावर निवड होऊन जाते. परंतु दिवा लावणारा एक आणि त्या दिव्यावर ज्याचे जगणे अवलंबून आहे तो दुसराच, अशी स्थिती असली म्हणजे हीच साधी निवड नैतिक प्रश्नाचे रूप घेते. त्यातही तो दुसरा जीव मुका असेल, दिवा आपल्या इच्छेने मालवू शकत नसेल, तर प्रश्न अधिकच अवघड होतो.

घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवणाऱ्यापुढे हा प्रश्न उभा राहतो. बारामती समुद्रापासून सरळ रेषेत मोजले तरी दीडशे किलोमीटरांहून दूर. इंदापूर त्याहूनही आत. दोन्ही तालुक्यांचे पाण्याशी नाते नीरा, भीमा, कालवे आणि उजनीचा जलाशय यांच्यामार्फत आलेले. म्हणजे सारे गोड्या पाण्याचे. अशा ठिकाणी दिवाणखान्यात कोणी समुद्र मांडू पाहतो, तेव्हा त्याला सर्वच काही बाहेरून आणावे लागते. मीठ मोजून घालावे लागते, लाटा पंपाने उठवाव्या लागतात आणि सूर्यही विकत आणावा लागतो. हल्ली तो सूर्य एलईडी दिव्यांच्या पट्टीच्या रूपाने मिळतो.

दिव्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रवाळखडक बांधणारे सारे कठीण प्रवाळ २००१ सालापासून आपल्याकडील वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, १९८७ साली घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात जे प्रवाळ आहेत, त्यांचा तुकडा तोडून आणणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. तेव्हा ‘परदेशातल्या चित्रात दिसते तशी प्रवाळांची बाग माझ्या घरी हवी’ हा हट्ट आपल्याकडे पहिल्याच पायरीवर थांबला पाहिजे. प्रामाणिक छंदिकाच्या पेटीत उरतात ते खडक, मासे आणि फार तर एखादे समुद्रपुष्प, ज्याच्या बोटांसारख्या शुंडकांत नारिंगी-पांढरा विदूषक मासा घर करतो.

मात्र प्रवाळ वगळले म्हणून दिव्याचा प्रश्न सुटत नाही. उष्ण समुद्रातील हे समुद्रपुष्प नावाने फूल असले तरी प्राणी आहे, आणि प्रवाळाप्रमाणेच त्याच्या ऊतींमध्ये डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवाल वस्तीला असते. शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाच्या बाबतीत हा वाटा त्याच्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जातो असे मानतात. म्हणजे येथे प्रकाश हेच अन्न. त्याच्यावरचा दिवा निवडणे म्हणजे त्याचे ताट वाढणे होय.

आता बाजारात दिवा घ्यायला गेले की खोक्यावर काय लिहिलेले असते? वॉट आणि लुमेन. वॉट म्हणजे किती वीज जळेल त्याचे माप. लुमेन म्हणजे उजेडाचे माप. पण कोणाच्या उजेडाचे? मानवी डोळ्याच्या. आपला डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट प्रकाशाला सर्वांत अधिक जागा असतो आणि निळ्या-जांभळ्याला पुष्कळसा आंधळा असतो. लुमेनची संख्या याच पक्षपाताने काढलेली असते. समुद्रात काही मीटर खाली गेले की तांबडा प्रकाश पाण्यात विरून जातो आणि निळा खोलवर पोचतो. म्हणून त्या शैवालाची भूक मुख्यतः ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाची असते. त्याच्यासाठी उपयुक्त माप वेगळेच आहे: ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हे माप सुमारे २००० मायक्रोमोल भरते. घरातील पेटीत शेकड्यांच्या घरात पुरते.

या तांत्रिक तपशिलात एक गंभीर गोष्ट दडली आहे. निळा दिवा आपल्याला मंद वाटतो. मालक म्हणतो, उजेड कमी पडतो आहे, अजून वाढवू या. त्याच क्षणी पेटीतला जीव प्रकाशाने होरपळत असू शकतो. मालकाचा हेतू वाईट नसतो. तो आपल्या डोळ्यावर विश्वास ठेवतो एवढेच. दुसऱ्याची गरज आपल्या मापाने मोजण्याची ही सवय फक्त मत्स्यपेटीपुरती नाही. घरातील वृद्ध आईला काय हवे, हे आपण तिला न विचारता ठरवतो, तेव्हाही आपल्या हातात लुमेनचेच माप असते.

पूर्वी ही निवड इतकी सैल नव्हती. धातू-हॅलाइडचे दिवे किंवा नळीचे दिवे जो प्रकाश देत तोच घ्यावा लागे. हॅलाइडचा दिवा दीडशे-अडीचशे वॉटचा, आणि पाणी तापवणारा. नव्वदच्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी साध्य झाला आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळे आज निळा, जांभळा, पांढरा, तांबडा अशा प्रत्येक रंगाची पट्टी वेगवेगळी कमीजास्त करता येते, तीही मोबाइलवरून. बारामतीच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कमी तापणारा दिवा हे तर वरदानच, कारण अधिक उष्णता आणि अधिक प्रकाश एकत्र आले की शैवाल यजमानाला सोडून जाते आणि तो पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. परंतु यंत्राने ज्या मर्यादा घालून दिल्या होत्या त्या गेल्या, आणि त्यांची जागा आता मालकाच्या विवेकाने घ्यावयाची आहे.

विवेकाची खरी परीक्षा रंगाच्या बाबतीत होते. निरोगी समुद्रपुष्प पुष्कळदा तपकिरी असते, कारण त्याच्या अंगी शैवाल भरपूर असते. पांढऱ्या उजेडात ते पाहुण्यांना साधे दिसते. गडद निळ्या प्रकाशात मात्र काही जीवांच्या ऊतींतील रंगद्रव्ये निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी असा उजळ प्रकाश परत टाकतात. पेटी जणू दिवाळीच्या रोषणाईसारखी झळकते. त्यात वाईट काही नाही. वाईट तेव्हा होते, जेव्हा ही झळाळी आरोग्याची खूण मानली जाते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की, सौम्य विरंजन झालेले काही प्रवाळ फिके न पडता उलट विलक्षण भडक रंगांनी उजळतात. आतले शैवाल कमी झाल्यामुळे अंगात जास्त प्रकाश शिरतो, आणि त्यापासून बचाव म्हणून प्राणी ही रंगद्रव्ये वाढवतो. उन्हात डोक्यावर पदर घ्यावा तसे ते आहे. म्हणजे पाहणारा ज्या क्षणी ‘किती सुंदर!’ म्हणतो, त्या क्षणी तो जीव संकटात असू शकतो. दुकानात पांढरेशुभ्र समुद्रपुष्प पाहून हुरळणारा ग्राहक बहुधा एका उपाशी प्राण्याची किंमत विचारत असतो.

वेळेचेही तसेच. मालक सायंकाळी सातला कामावरून घरी येतो आणि त्याला मध्यरात्रीपर्यंत पेटी उजळलेली हवी असते. दिवसाही ती उजळलेली असावी, कारण घरची मंडळी पाहतात. उष्ण कटिबंधातील समुद्रात दिवस सुमारे बारा तासांचा. पेटीत पूर्ण प्रकाश आठ-दहा तास पुरतो. उरलेला काळोख हा त्या जीवांचा हक्क आहे. मालवणचे प्रवाळ पावसाळ्यात गढूळ पाण्याखाली बराच काळ अंधूक उजेडात काढतात. अधिक प्रकाश म्हणजे अधिक सुख, हे समीकरण समुद्राला ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल, दिवे लावून सजीवांना आपल्या इच्छेप्रमाणे वागवणे आपल्या शिवारात नवीन थोडेच आहे? खरे आहे. रात्री दिवे लावून शेवंतीची फुलोऱ्याची वेळ पुढे ढकलता येते. बारामतीजवळ माळेगावला २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेने ज्या ड्रॅगन फ्रूटचा मुरमाड जमिनीसाठी अभ्यास केला, त्याच्या बागांत राज्यातील काही बागायतदार हिवाळी रात्री एलईडी दिवे लावून बिगरहंगामी फुले आणतात. परंतु शेतकरी आपल्या हेतूविषयी प्रामाणिक असतो. बाजारभावासाठी दिवा लावला, असे तो सरळ सांगतो. मत्स्यपेटीचा मालक मात्र ‘माझे या जिवांवर प्रेम आहे’ असे म्हणतो. प्रेमाचा शब्द उच्चारला की हिशेब बदलतो. दिवा कोणासाठी, हा प्रश्न शेतकऱ्याला विचारण्याची गरज नाही. छंदिकाला तो विचारलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. समुद्रपुष्पाला मेंदू नसतो, केवळ मज्जातंतूंचे साधे जाळे असते. त्याला दुःख होते की नाही हेच ठाऊक नसताना एवढी चिंता कशाला? याचे उत्तर असे की, सर्वच कर्तव्ये दुसऱ्याच्या वेदनेतून जन्माला येत नाहीत. काही अवलंबनातूनही येतात. ज्याला आपण त्याच्या समुद्रातून उचलून आणले, ज्याचे सारे मार्ग आपण बंद केले, त्याचे आपण देणे लागतो. शिवाय तो जीव अगदीच मुका नाही. उजेड कमी पडला तर समुद्रपुष्प आपल्या तळव्यावर हळूहळू सरकत दिव्याच्या दिशेने वर चढते. अधिक झाला तर खडकाच्या आड जाते. त्याला बोलता येत नसले तरी मत देता येते. पण ते सरकून कोपऱ्यात गेले म्हणजे चिडून त्याला पुन्हा मधोमध, पाहुण्यांच्या नजरेसमोर आणून बसवणारे मालकही असतात.

हे देणे किती दीर्घ असू शकते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडमधील निसर्गशास्त्रज्ञ सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून काचेच्या भांड्यात ठेवले. डॅलियेल १८५१ साली वारले. त्यांच्यामागे एकाने दुसऱ्याच्या स्वाधीन करीत ते सांभाळले, आणि ‘आजी’ या नावाने ओळखले जाणारे ते समुद्रपुष्प १८८७ पर्यंत जगले. ते थंड समुद्रातले. त्याला दिव्याची गरज नव्हती, ताज्या समुद्रजलाची होती. ते पाणी एकोणसाठ वर्षे कोणी ना कोणी बदलत राहिले.

याच्या उलट उदाहरण आपल्या दाराशी आहे. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा काच साफ ठेवतो म्हणून गोड्या पाण्याच्या पेट्यांत आणला गेला. तो मोठा झाला, नकोसा झाला, आणि पेट्यांतून नद्या-तलावांत सोडला गेला. आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. भिगवण, कुंभारगावच्या ज्या पाणलोटावर हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला आपण जातो, त्याच पाण्यात कोणाच्या तरी संपलेल्या छंदाचा भार कष्टकरी माणसे उचलत आहेत.

उत्पत्तीच्या पुस्तकातील क्रम येथे आठवतो. प्रकाश पहिल्या दिवशीचा, सूर्य-चंद्र चौथ्या दिवशीचे, जलचर पाचव्या दिवशीचे आणि माणूस सहाव्या. समुद्रातील माशांवर माणसाला सत्ता मिळाली ती प्रकाशाची व्यवस्था आधीच लागलेली असताना. काचेच्या पेटीत मात्र माणूस चौथ्या दिवसाचे कामही आपल्याकडे घेतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फिलिपिन्सच्या बिशपांचा प्रश्न आपलासा केला आहे: समुद्राखालची ती अद्भुत सृष्टी निष्प्राण आणि रंगहीन कोणी करून टाकली? तो प्रश्न राष्ट्रांना आहे, उद्योगांना आहे. पण चार फुटांच्या पेटीच्या मालकालाही तो लहान प्रमाणात लागू पडतो.

मग दिवा कसा निवडावा? आधी कोणता जीव ठेवायचा हे ठरवावे, आणि त्याच्या गरजेवरून दिवा. दिव्याच्या झगमगाटावरून जीव नव्हे. नव्या दिव्याची तीव्रता पहिल्या दिवशी कमी ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी. काळोखाचे तास ठरवून ते पाळावेत. आणि भारनियमनाची वर्षे पाहिलेल्या आपल्या भागात आणखी एक ध्यानात ठेवावे: दिवा काही तास गेला तर जीव तग धरतात, पाणी खेळवणारा पंप थांबला तर प्राणवायूवाचून मरतात. म्हणून महागड्या दिव्याआधी पंपासाठी बॅटरीची सोय करावी. पंपाचे कौतुक कोणी पाहुणा करणार नाही. ज्याला हा खर्च आणि ही शिस्त झेपणार नाही, त्याने समुद्र घरी आणू नये. मालवणला जाऊन तो त्याच्या जागी पाहावा.

पाहुणे निघून गेल्यावर, आपल्यालाही झोप आलेली असताना, पेटीतला दिवा ठरलेल्या वेळी मालवावा. त्या वेळी तो जीव कसा दिसतो हे पाहायला कोणी नसते. तेव्हाही त्याची व्यवस्था नीट असेल, तर तो दिवा त्याच्यासाठी निवडला होता असे म्हणता येईल.