वारसनोंदीबाहेरची जमीन

शेतीवर जगणाऱ्या समाजात जमीन आणि चव या दोन्ही गोष्टी कुटुंबाच्या वाटेने पुढच्या पिढीकडे जातात; जमीन वारसनोंदीने, आणि चव स्वयंपाकघरात शेजारी उभे राहून पाहिलेल्या हाताने. त्यामुळे घराने ज्यांना आपले मानायचे नाकारले, त्यांच्या वाट्याचे शेत तर जातेच, शिवाय लोणचे मुरवण्याची, पीठ आंबवण्याची, बी राखण्याची जी विद्या कोणत्याही पुस्तकात पुरती उतरत नाही तीही जाते. समलैंगिक, उभयलैंगिक, पारलिंगी आणि लिंगभावाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या सर्वांना मिळून ‘क्विअर’ म्हटले जाते. त्यांच्या हक्कांची चर्चा बहुधा कायदा, विवाह आणि महानगर यांच्याभोवतीच फिरत राहते, आणि हे दुसरे नुकसान तिच्यातून निसटते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात गेली पाच दशके भरत आलेले क्विअर मेळावे या नुकसानाला दिलेले उत्तर म्हणून पाहिले, तरच त्यांचे मोल ध्यानात येते.

आयोवा राज्यात १९७४ मध्ये ‘आरएफडी’ हे ग्रामीण समलिंगी पुरुषांचे नियतकालिक निघाले. १९५० मध्ये मॅटाशिन सोसायटी ही समलिंगी हक्कांची संघटना उभारणारे हॅरी हे यांनी सहकाऱ्यांसह १९७९ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात एक मेळावा बोलावला, आणि त्यातून ‘रॅडिकल फेअरीज’ ही निसर्गाशी व अध्यात्माशी नाते सांगणारी चळवळ वाढली. शहर हेच अशा माणसांचे एकमेव आश्रयस्थान, ही समजूत या मंडळींनी नाकारली, आणि ती नाकारण्यासाठी त्यांना जमीन लागली.

जमिनीच्या प्रश्नावर ऑरेगॉनमधील समलिंगी स्त्रियांनी शोधलेला उपाय विशेष विचार करण्याजोगा आहे. तेथे १९७५ मध्ये ‘ऑरेगॉन विमेन्स लँड ट्रस्ट’ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने डग्लस काउंटीत १४७ एकर जमीन घेतली. भूमिन्यासाची कल्पना अशी, की जमीन कोणा एका व्यक्तीच्या नावावर राहत नाही. ती न्यासाच्या उद्दिष्टांना बांधलेली असते, तेथे राहणाऱ्याला तिचा उपभोग आणि तिची निगा मिळते, पण ती विकण्याचा किंवा आपल्या मुलांच्या नावे करण्याचा अधिकार मिळत नाही. ज्यांना वारसाहक्काने काही मिळण्याची आशा नव्हती, त्यांनी आपली जमीनच वारसाहक्काबाहेर नेऊन ठेवली. टेनेसी राज्याच्या कॅनन काउंटीत १९८० च्या दशकापासून फेअरीजचे केंद्र असलेले शॉर्ट माउंटन सँक्च्युअरीही सामुदायिक जमिनीवर उभे आहे. तेथे बागा आणि शेळ्या राखल्या जातात, आणि वसंतात व शरदात मोठे मेळावे भरतात.

सातबाऱ्याचे महत्त्व जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर जोडीदाराचे नाव आजही वारसांत लागत नाही. हिजडा समाजाने मात्र गुरूकडून चेल्याकडे जाणाऱ्या वारशाची रीत फार पूर्वीपासून चालवली आहे, आणि तिच्याकडे मालमत्तेचा विचार म्हणून पाहिले जायला हवे.

अन्नाच्या बाबतीत शॉर्ट माउंटनने जगाला जे दिले, ते सँडॉर कॅट्झ यांच्या नावाशी जोडलेले आहे. न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबात वाढलेल्या कॅट्झ यांच्या जिभेवर व्हिनेगर न घालता मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या काकडीची लहानपणापासूनची चव होती. एचआयव्हीची लागण झाल्याचे कळल्यानंतर ते १९९३ मध्ये टेनेसीत आले, आणि बागेतल्या कोबीचे करायचे काय, या साध्या गरजेतून गोठ्यात सापडलेल्या जुन्या बरणीत त्यांनी सावरक्राउट, म्हणजे आंबवलेली कोबी, घातली. चिरलेल्या कोबीला तिच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के मीठ चोळले की तिचे स्वतःचे पाणी सुटते, त्या पाण्याखाली हवा पोहोचत नाही, आणि पानांवर मुळातच असलेले जिवाणू साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढत गेली की सडवणारे जिवाणू मागे हटतात. ज्या घरांत आंबील होते, त्यांना ही रीत तत्त्वतः ओळखीची आहे. कॅट्झ यांच्या २००३ मधील ‘वाइल्ड फर्मेंटेशन’ या पुस्तकात इडली-डोसाही आहे, आणि आंबवलेल्या अन्नाने एड्स बरा होत नाही, आपण औषधे घेतो, हे ते स्पष्टपणे सांगत आले आहेत.

कॅट्झ यांच्या या शिकवणीचे खरे वजन काळाच्या संदर्भात कळते. १९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाली आणि परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास आले. मधल्या काळात क्विअर समाजातील एका पिढीचा मोठा भाग नाहीसा झाला. धाकट्यांना काही शिकवू शकले असते असे अनेक थोरले उरले नाहीत. अशा वेळी बरणीभोवती जमलेल्या अनोळखी माणसांना हातानेच कृती शिकवणे हे वंशाशिवाय परंपरा चालवण्याचे काम होते, आणि या चळवळीचे ते सर्वांत मोठे कर्तृत्व मानावे लागते.

तिची दुबळी बाजूही याच ठिकाणी आहे. परंपरा म्हणून पूर्वजांचे स्मरण करायचे तर पूर्वज कोणाचे, हे विचारावे लागते. १८३८ मध्ये चेरोकी या मूलनिवासी लोकांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले, तेव्हाचा एक मार्ग शॉर्ट माउंटनच्या कॅनन काउंटीतूनच गेला होता. आणि फेअरीजनी मूलनिवासी समाजांची विधी-चिन्हे बऱ्याचदा सैलपणे उचलली. १९९० मध्ये विनिपेग येथे भरलेल्या मूलनिवासी समलिंगी स्त्रीपुरुषांच्या परिषदेने ‘टू-स्पिरिट’ ही संज्ञा स्वतःसाठी स्वीकारून आपली परंपरा आपणच सांगू, अशी भूमिका घेतली, ती रास्त होती.

हाकलल्या गेलेल्या त्या चेरोकींच्या आजच्या शासनाने, म्हणजे चेरोकी नेशनने, २००६ मध्ये बियाणे पेढी सुरू केली. मका, घेवडा, भोपळा यांची जुनी वाणे ती दरवर्षी मोफत देते, पण फक्त आपल्या नागरिकांना. आणि हे नागरिकत्व विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या ‘डॉज यादी’ या अमेरिकी सरकारच्या नोंदपटातील पूर्वजापासूनच्या वंशावर ठरते. क्विअर मेळाव्यांनी बाजूला सारलेले रक्ताचे नाते येथे बी राखण्याचा आधार आहे. एकांना घराने बाहेर काढले, दुसऱ्यांना घरादारासकट जमिनीवरून उठवले, आणि टू-स्पिरिट माणसांच्या वाट्याला अनेकदा दोन्ही आले. म्हणून दोन्ही भूमिका न्याय्य आहेत. टेनेसीच्या त्या डोंगरावर कोणते बी पेरायचे आणि ते कोणाला विचारून, हे ठरवण्याच्या बैठकीत चेरोकी माणसे बसलेली असली पाहिजेत.